जनतेचा पैसा कोणीं चोरला? — व्यंगचित्रकार थॉमस नास्ट

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यांतील हिवरे बाजार ह्या गांवाचें नांव आपणांपैकीं बहुतेकांनीं ऐकलें असेल. पर्जन्यछायेच्या प्रदेशांतलें हें लहानसें गांव. दुष्काळानें माणसें परगांवीं पांगलीं होतीं आणि शिवार ओसाड पडलें होतें. १९८९ सालीं श्री. पोपटराव पवार सरपंच झाले, आणि त्यानंतर श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी असे नेम गांवानें स्वतःवर घालून घेऊन तें शिवार पुन्हां हिरवें केलें. त्या गांवची एक चाल मला फार अर्थपूर्ण वाटते. पाऊस किती पडला, विहिरींना पाणी किती उरलें, ह्याची मोजदाद करून पाण्याचा जमाखर्च तेथें ग्रामसभेपुढें मांडतात, आणि कोणतीं पिकें घ्यावयाचीं व कोणतीं टाळावयाचीं तें त्या हिशेबावरून ठरवितात. हिशेब कुलुपांत नाहीं, चारचौघांत आहे. ज्याला अक्षर लावतां येत नाहीं त्यालाही तो कळतो.

सार्वजनिक हिशेब सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढें यावा, हें बोलावयास सोपें आहे. घडवून आणणें मात्र सोपें नाहीं. आंकड्यांच्या रांगा पाहिल्या कीं चांगला शिकलेला गृहस्थही वर्तमानपत्राचें पान उलटतो. मग ज्याचें शिक्षणच झालें नाहीं त्याची कथा काय? आज मी आपणांस ज्या माणसाची हकीकत सांगणार आहे त्यानें हे आंकडे चित्रांत उतरविले. तो स्वतः फारसा शिकलेला नव्हता. त्याच्या हातांत सत्ता नव्हती, पैसा नव्हता. लांकडाचा ठोकळा आणि पेन्सिल एवढेंच भांडवल होतें. तेवढ्या भांडवलावर त्यानें अमेरिकेंतील सर्वांत मोठ्या शहराच्या कारभाऱ्यांची गादी हलविली. त्याचें नांव थॉमस नास्ट.

नास्टचा जन्म १८४० च्या सप्टेंबरांत जर्मनींतील लांडाउ येथें झाला. बाप लष्करी वाद्यवृंदांत वाजविणारा. राजकारणांतील त्याचीं मतें मोकळीं, आणि म्हणून त्या काळच्या जर्मनींत अडचणीचीं. १८४६ सालीं आई मुलांना घेऊन न्यूयॉर्कला आली. बाप मागाहून कांहीं वर्षांनीं येऊन मिळाला. परक्या भाषेच्या शाळेंत ह्या मुलाचें मन रमलें नाहीं. पुस्तकांत डोकें घालण्यापेक्षां चित्रें काढण्यांतच त्याचा दिवस जाई. शेवटीं घरच्यांनीं हट्ट सोडला आणि त्याला चित्रकला शिकूं दिली. पंधराव्या वर्षीं तो फ्रँक लेस्ली ह्यांच्या सचित्र साप्ताहिकांत नोकरीस लागला. १८६० सालीं एका गाजलेल्या मुष्टियुद्धाचीं चित्रें काढण्यासाठीं तो इंग्लंडला गेला आणि तेथून इटलींत जाऊन गॅरिबाल्डीच्या स्वातंत्र्ययुद्धाचीं चित्रें त्यानें पाठविलीं. गॅरिबाल्डीचें नांव आपल्याकडच्या मागल्या पिढ्यांस अपरिचित नव्हतें. परंतु त्या वीरास रणांगणावर पाहून त्याचें चित्र काढणाऱ्या ह्या वीस वर्षांच्या पोराची आपणांस वार्ता नव्हती. १८६२ सालीं तो 'हार्पर्स वीक्ली' ह्या साप्ताहिकांत आला, आणि पुढचीं जवळजवळ पंचवीस वर्षें त्याचें नांव त्या पत्राशीं जोडलेलें राहिलें.

ह्या ठिकाणीं त्या काळीं चित्र छापत कसें, हें थोडें सांगितलें पाहिजे. कारण चित्रकाराचा प्रभाव त्याच्या बुद्धीइतकाच छापण्याच्या सोयीवरही अवलंबून असतो. आपल्याकडे जुन्या पोथ्या आणि देवादिकांचीं चित्रें शिळाछापावर निघत. तुळतुळीत दगडावर तेलकट शाईनें चित्र काढावयाचें आणि त्यावरून छाप घ्यावयाचे. फ्रान्समधील प्रख्यात व्यंगचित्रकार ओनोरे दोमिए हाही शिळाछापाचाच कारागीर. १८३१ सालीं त्यानें राजा लुई फिलीप हा जनतेचें द्रव्य गिळणारा राक्षस आहे असें चित्र काढलें आणि त्याबद्दल पुढच्या वर्षीं सहा महिन्यांचा तुरुंगवास भोगला. परंतु शिळेवरचें चित्र आणि खिळ्यांनीं जुळविलेला मजकूर हीं दोन्हीं एकाच यंत्रावर छापतां येत नाहींत. चित्र वेगळें छापून जोडावें लागतें. हार्परच्या साप्ताहिकांत चित्र लांकडावर कोरीत. कठीण लांकडाचे लहान लहान ठोकळे एकत्र आवळून मोठा पट्टा बनवावयाचा, चित्रकारानें त्यावर उलटें चित्र काढावयाचें, मग ते ठोकळे सुटे करून निरनिराळ्या कोरक्यांना वांटून द्यावयाचे, आणि कोरून झाल्यावर पुन्हां जोडावयाचे. असा ठोकळा खिळ्यांच्या ओळींशेजारीं बसे आणि शब्द व चित्र एकाच फेऱ्यांत छापून निघे. त्यामुळें आठवड्याची घटना त्याच सुमारास चित्ररूपानें लाखों माणसांच्या हातीं पडूं लागली. नास्टच्या चित्रांतल्या त्या दाट, एकमेकींस छेदणाऱ्या रेघा ह्या लांकडासाठींच जन्मल्या होत्या.

अमेरिकेंतील यादवी युद्ध १८६१ सालीं सुरू झालें. गुलामगिरी टिकवूं पाहणारे दक्षिणेकडील प्रांत एका बाजूस, संघराज्य दुसऱ्या बाजूस. तीन वर्षांच्या रक्तपातानें उत्तरेकडील लोक थकले, आणि १८६४ च्या अध्यक्षीय निवडणुकींत 'कसाही करून तह करा' असा पुकारा होऊं लागला. त्या वेळीं नास्टनें एक चित्र काढलें. उत्तरेचा एक लंगडा शिपाई मान खालीं घालून उभा आहे. दक्षिणेचा उन्मत्त सैनिक त्याच्याशीं हस्तांदोलन करीत आहे, आणि त्याचा एक पाय उत्तरेच्या हुतात्म्यांच्या थडग्यावर आहे. शेजारीं अमेरिकेची देवता कोलंबिया रडत बसली आहे. ह्या चित्राच्या असंख्य प्रती लिंकनच्या पक्षानें वांटल्या. नास्ट हा आपला सर्वांत चांगला सैन्यभरती करणारा हवालदार आहे, असें लिंकन म्हणाल्याचें सांगतात. लिंकन निवडून आला तो केवळ चित्रामुळें असें कोणी म्हणणार नाहीं. रणांगणावरचे विजयही त्याच सुमारास मिळाले. पण तहाचा खरा अर्थ काय, हें हजार अग्रलेखांनीं जितकें समजलें नसतें तितकें त्या एका लंगड्या शिपायानें समजावून दिलें.

आतां मूळ कथेकडे वळूं. युद्धानंतरच्या न्यूयॉर्क शहरांत टॅमनी हॉल ह्या नांवाची एक राजकीय संस्था प्रबळ झाली होती. नव्यानें येणाऱ्या गरीब, विशेषतः आयरिश, लोकांना ती नोकरी लावून देई, थंडींत कोळसा पुरवी, अडीअडचणीला धांवून जाई. आणि मोबदल्यांत त्यांचीं मतें घेई. ह्या संस्थेचा धनी विल्यम ट्वीड. आगीचे बंब चालविणाऱ्या स्वयंसेवकांच्या तुकडीचा तो एके काळीं नायक होता. अंगानें अवाढव्य, बोलण्यांत गोड, हातानें सढळ. त्याच्यासह चौघांचें एक कडें जमलें होतें. त्यांत शहराचा महापौर ओकी हॉल होता, हिशेबनीस रिचर्ड कॉनली होता, आणि पीटर स्वीनी नांवाचा चतुर मुत्सद्दी होता. जो हिशेब तपासावयाचा तोच चोरींत भागीदार! आपल्याकडे म्हणतात तसें, कुंपणानेंच शेत खाल्लें तर दाद कोणाकडे मागावी?

त्यांची पद्धत सरळ होती. शहराचें काम करणाऱ्या कंत्राटदारानें फुगविलेलें बिल द्यावयाचें, तें ताबडतोब मंजूर व्हावयाचें, आणि वरची रक्कम कड्यांतील मंडळींनीं वांटून घ्यावयाची. न्यायकचेरीची एक नवी इमारत बांधण्यास १८६१ सालीं आरंभ झाला. तिच्यासाठीं प्रथम अडीच लाख डॉलरची मर्यादा ठरली होती. खर्च झाला सव्वा कोटी डॉलरच्याही वर. अमेरिकेच्या सरकारनें १८६७ सालीं रशियापासून अलास्काचा सारा मुलूख बहात्तर लाख डॉलरांस विकत घेतला होता, हें लक्षांत घेतलें म्हणजे ह्या कचेरीची किंमत समजते. गिलावा करणाऱ्या एका कंत्राटदाराच्या नांवावर दोन दिवसांच्या कामाबद्दल १ लाख ३३ हजार डॉलर पडल्याचें पुढें उघडकीस आलें. तीन टेबलें आणि चाळीस खुर्च्या ह्यांचे पावणेदोन लाखांवर डॉलर लागले होते. एकंदर किती द्रव्य लुटलें गेलें ह्याचे अंदाज तीन कोटी डॉलरांपासून वीस कोटींपर्यंत निरनिराळे आहेत.

ह्या कारभाराची चर्चा शहरांत नव्हती असें नाहीं. पण पुरावा कोणाच्या हातीं नव्हता. १८७१ च्या जुलैमध्यें 'न्यूयॉर्क टाइम्स' ह्या दैनिकास आंतल्याच एका माणसाकडून खातेवहीच्या नकला मिळाल्या, आणि त्यानें ते आंकडे रकान्यांमागून रकाने छापण्यास प्रारंभ केला. पत्राच्या चालकास गप्प बसण्याबद्दल पन्नास लाख डॉलर देऊं केले होते, असें सांगतात. त्यानें ते नाकारले. आंकडे शिकलेल्यांनीं वाचले. नास्टनें ते ज्यांना वाचतां येत नव्हते त्यांच्यापर्यंत पोंचविले.

१९ ऑगस्ट १८७१ च्या अंकांतलें त्याचें चित्र पाहा. पुष्कळ माणसें वर्तुळांत उभीं आहेत. पुढेंच ट्वीडचें प्रचंड पोट आहे. चित्राखालीं प्रश्न आहे, जनतेचा पैसा कोणीं चोरला? आणि प्रत्येक जण अंगठ्यानें शेजाऱ्याकडे बोट दाखवीत आहे, 'ह्यानें!' वर्तुळ असल्यामुळें तें बोट फिरत फिरत पुन्हां ट्वीडपाशींच येतें. ह्या चित्राला टीपेची गरज नाहीं. आपल्या गांवच्या चावडीवर तें टांगलें असतें तर चावडींत बसलेले सारे लोक प्रथम हंसले असते आणि मग गंभीर झाले असते. आणखी एका चित्रांत वादळी रात्रीं कड्यावर गिधाडें बसलीं आहेत, त्यांचे चेहरे ट्वीड आणि मंडळींचे आहेत, आणि तीं वादळ ओसरण्याची वाट पाहत आहेत. ऑक्टोबरांत त्यानें ट्वीडचें धड काढलें आणि मस्तकाच्या जागीं पैशांची थैली ठेवली. थैलीवरील डॉलरची खूण हेंच नाक, डोळे आणि तोंड. नांव दिलें 'मेंदू'. मस्तक काढून टाकलें तरी माणूस कोण हें कोणीही ओळखावें, इतका तो देह नास्टनें लोकांच्या परिचयाचा केला होता.

ट्वीडला ह्या चित्रांची धास्ती वाटूं लागली. वर्तमानपत्रें काय लिहितात ह्याची आपणांस पर्वा नाहीं, आपल्या मतदारांना वाचतां येत नाहीं. पण हीं चित्रें मात्र त्यांच्या डोळ्यांपुढून हटत नाहींत, अशा अर्थाचे उद्गार त्यानें काढल्याचें प्रसिद्ध आहे. मग उपाय सुरू झाले. हार्पर कंपनी शालेय पुस्तकेंही छापी. शहराच्या शाळांतून तीं पुस्तकें काढून टाकण्यांत आलीं. नास्टकडे एक बँकवाला आला. आपले कांहीं चाहते आपणांस चित्रकलेच्या अभ्यासासाठीं युरोपला पाठवूं इच्छितात, एक लाख डॉलर देतील, असें तो म्हणाला. नास्टला त्या वेळीं हार्परकडून वर्षाला पांच हजार डॉलर मिळत. त्यानें शांतपणें विचारलें, दोन लाख देतील काय? देतील. पांच लाख? तेही कबूल झालें. तेव्हां नास्टनें सांगितलें कीं, ह्यांपैकीं कांहीं लोकांना तुरुंगांत घालावयाचें मीं मनाशीं ठरविलें आहे, आणि तें केल्यावांचून मला युरोपला जातां येत नाहीं. ही हकीकत त्याच्या चरित्रकारानें दिली आहे. पुढें धमक्या येऊं लागल्या, आणि त्याला बायकामुलांना घेऊन न्यूयॉर्क सोडून शेजारच्या न्यू जर्सी प्रांतांत बिऱ्हाड करावें लागलें.

नोव्हेंबरांत निवडणूक होती. मतदानाच्या तोंडावर नास्टचें दोन पानी चित्र बाहेर पडलें. ट्वीडच्या जुन्या बंबावर वाघाचें तोंड रंगविलेलें असे. तोच वाघ नास्टनें टॅमनी हॉलचें प्रतीक म्हणून पुढें आणला. रोमन आखाड्यांत हा वाघ सुटला आहे, त्याच्या पंजाखालीं लोकशाहीची देवता पडली आहे, आणि सम्राटाच्या आसनावर बसून ट्वीड मौज पाहत आहे. खालीं ट्वीडच्याच तोंडीं घातला जाणारा प्रश्न लिहिला होता, 'तुम्ही काय करणार आहां?' ७ नोव्हेंबर १८७१ रोजीं मतदारांनीं उत्तर दिलें. टॅमनीचे बहुतेक उमेदवार पडले. ट्वीड स्वतः मात्र आपल्या जुन्या मतदारसंघांतून निवडून आला. ज्यांना त्यानें थंडींत कोळसा दिला होता ते त्याला विसरले नाहींत. पण त्याचें कडें फुटलें तें फुटलेंच. १८७३ सालीं त्याच्यावरील आरोप शाबीत झाले.

ह्या कथेचा शेवट एखाद्या कादंबरीकारासही सुचला नसता. १८७५ च्या डिसेंबरांत, पहाऱ्यांत असतांना घरीं भेटीस नेलें असतां, ट्वीड निसटला. क्यूबामार्गें तो स्पेनला पोंचला. तेथील अधिकाऱ्यांनीं त्याला १८७६ सालीं व्हिगो बंदरांत पकडलें, आणि ओळख पटविली ती नास्टच्या चित्रावरून! त्या चित्रांत कैद्याच्या पट्ट्यापट्ट्यांच्या वेषांतला ट्वीड दोन पोरांना मानगुटीस धरून उभा होता. मोठ्या चोरानें लहान चोरांना पकडल्याचा आव आणावा, असा त्याचा उपरोध. स्पॅनिश अधिकाऱ्यांना इंग्रजी मजकूर समजेना. हा मुलें पळविणारा गुन्हेगार असावा, अशी त्यांची समजूत झाली म्हणतात. अर्थ चुकला, पण चेहरा चुकला नाहीं. ट्वीडला परत आणलें, आणि १२ एप्रिल १८७८ रोजीं तो न्यूयॉर्कच्या तुरुंगांत मरण पावला.

श्रोतेहो, येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घेतली पाहिजे. ट्वीडला एकट्या नास्टनें पाडलें, असें सांगण्याची प्रथा आहे. ती अतिशयोक्ति होय. आंकडे टाइम्सनें मिळविले. खटले वकिलांनीं चालविले. मत मतदारांनीं दिलें. ह्या साखळींत चित्राचें काम मधल्या कडीचें होतें. आंकडा आणि मतदार ह्यांना त्यानें जोडलें. आंकड्यांचा आधार नसता तर तीं चित्रें निव्वळ शिवीगाळ ठरलीं असतीं. आणि मत देण्याचा अधिकार नसता तर तीं निव्वळ करमणूक ठरलीं असतीं.

हा मुद्दा स्पष्ट होण्यासाठीं त्याच १८७१ सालीं आपल्या मुंबईंत काय चाललें होतें तें पाहूं. मुंबई नगरपालिकेचे कमिशनर आर्थर क्रॉफर्ड ह्यांनीं १८६५ पासून शहराचें रूप पालटण्याचा धडाका लाविला होता. त्यांच्या नांवाची मंडई आपण सर्वांनीं पाहिली आहे. ट्वीडप्रमाणें ही चोरी नव्हती. पण खर्च बेसुमार झाला, कर वाढले, आणि करदात्यांनीं ओरड सुरू केली. क्रॉफर्डना जावें लागलें. तरुण फिरोजशहा मेहतांनीं त्या वेळीं मर्माचा मुद्दा मांडला: दोष एका अधिकाऱ्याचा नसून, त्याच्यावर देखरेख करणारें लोकनियुक्त मंडळ नाहीं हा आहे. १८७२ चा कायदा झाला, आणि चौसष्ट सभासदांपैकीं बत्तीस निवडण्याचा अधिकार करदात्यांस मिळाला. अर्थात् मत कर भरणाऱ्या मूठभरांनाच होतें. वाचतां न येणाऱ्या गिरणीकामगाराला किंवा हमालाला चित्र पाहून रागावण्याचें स्वातंत्र्य होतें, पण त्या रागाचें मत होत नव्हतें.

व्यंगचित्रें मात्र मुंबईंत आधींच आलीं होतीं. लंडनचें 'पंच' १८४१ सालीं निघालें, आणि १८५४ सालीं मुंबईंत 'पारशी पंच' सुरू झालें. त्याचेंच पुढें 'हिंदी पंच' झालें. येथें हिंदी म्हणजे हिंदुस्थानचा. पत्राची भाषा इंग्रजी आणि गुजराती होती. बरजोरजी नवरोजी हे त्याचे संपादक. लंडनच्या पंचाला त्यांनीं देशी अवतार दिला आणि नांव ठेवलें 'पंचोबा'. म्हसोबा-खंडोबाच्या देशांत हें नांव किती चटकन् रुजलें असेल! काँग्रेसच्या अधिवेशनांवरील ह्या पत्राच्या १८८६ ते १९०१ ह्या काळांतल्या चित्रांचें वेगळें पुस्तक निघालें, आणि लॉर्ड कर्झनवरील चित्रांचेंही निघालें. १९०५ सालीं बंगालची फाळणी होऊं घातली तेव्हां पंचोबानें तिला चित्रांतून उघड रानटीपणा म्हटलें. पण हें सारें विनयाची मर्यादा सांभाळून. त्याचें कारण उघड आहे. राजद्रोहाचें १२४ अ हें कलम १८७० सालीं कायद्यांत आलें, आणि ट्वीड तुरुंगांत मेला त्याच १८७८ सालीं लॉर्ड लिटननें देशी भाषांतील पत्रांचें तोंड बांधणारा कायदा केला. कोल्हापूर प्रकरणांत दिवाणाविरुद्ध लिहिल्याबद्दल १८८२ सालीं टिळक आणि आगरकर ह्यांना डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढावे लागले. नास्टला धमक्या आल्या, लांच आली. पण सरकारचा शिपाई दारीं आला नाहीं. आमच्या लेखकांची आणि चित्रकारांची कसोटी अधिक कठीण होती, आणि त्यांच्या हंसण्यामागें मतपेटी नव्हती. दोघांची तुलना करतांना हा फरक विसरूं नये.

नास्टनें आणखी एक देणें जगाला दिलें, तें म्हणजे प्रतीकांचें. अमेरिकेंतील डेमोक्रॅटिक पक्षासाठीं त्यानें १८७० सालीं गाढव रंगविलें. तें त्याच्या पूर्वींही क्वचित् वापरलें गेलें होतें, पण लोकांत रूढ झालें तें त्याच्यामुळें. रिपब्लिकन पक्षाचा हत्ती त्यानें १८७४ च्या नोव्हेंबरांत काढला, आणि तोही लोकांत रूढ झाला तो त्याच्यामुळें. नाताळांत मुलांना खाऊ वांटणारा पांढऱ्या दाढीचा लठ्ठ म्हातारा आपण आज मुंबईपुण्याच्या दुकानांतूनही पाहतों. त्याचें आजचें रूप घडविण्यांतही १८६३ पासूनच्या नास्टच्या चित्रांचा वाटा मोठा आहे. प्रतीकाचें सामर्थ्य काय असतें हें आपणां भारतीयांस वेगळें सांगावयास नको. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत बहुसंख्य मतदारांना अक्षरओळख नव्हती. म्हणून पक्षांना चिन्हें देण्यांत आलीं, आणि त्या चिन्हांच्या आधारें कोट्यवधि माणसांनीं आपला राज्यकर्ता निवडला. ज्याला वाचतां येत नाहीं त्याला विचार करतां येत नाहीं, हा समज ह्या देशानें तेव्हां खोटा ठरविला.

आतां नास्टच्या दोषांकडे डोळेझांक करून चालणार नाहीं. जी रेघ सत्य चटकन् पोंचविते तीच असत्यही तितक्याच चटकन् पोंचविते. आयरिश माणूस काढावयाचा म्हणजे नास्ट माकडाचें तोंड काढी. कॅथॉलिक पंथाविषयीं त्याचें मन अत्यंत कलुषित होतें. ३० सप्टेंबर १८७१ चें एक चित्र आहे. नदीच्या कांठीं घाबरलेलीं शाळकरी मुलें उभीं आहेत, आणि पाण्यांतून सुसरी त्यांच्यावर धांवून येत आहेत. नीट पाहिलें म्हणजे दिसतें कीं, त्या सुसरी नसून कॅथॉलिक धर्मगुरु आहेत, आणि त्यांचे उंच मुकुट म्हणजेच सुसरींचे जबडे. कल्पना विलक्षण आहे, कारागिरी अप्रतिम आहे, आणि आशय विषारी आहे. ह्या चित्राचें नांव काय असावें? 'अमेरिकेची गंगा नदी'! हिंदु आया आपलीं मुलें गंगेंत सुसरींच्या तोंडीं देतात, अशी एक कहाणी त्या काळीं पाश्चात्य देशांत घरोघर सांगितली जात असे. नास्टनें गंगा कधीं पाहिली नव्हती. म्हणजे एका समाजाविषयींचा खोटा समज घेऊन त्यानें दुसऱ्या समाजावर चिखल फेंकला, आणि तो चिखल आपल्याही अंगावर उडाला. ज्या महिन्यांत हा मनुष्य चोरांना निर्भयपणें उघडें करीत होता त्याच महिन्यांतलें हें चित्र आहे.

ह्याच नास्टनें चिनी मजुरांवर हल्ले होत असतां, १८७१ च्या फेब्रुवारींत, त्यांच्या बाजूनें चित्र काढलें होतें. मुक्त झालेल्या निग्रोंना मताचा हक्क द्या असें त्यानें १८६५ सालीं चित्रांतून बजावलें, आणि त्यांच्यावरील अत्याचारांचीं अंगावर कांटा आणणारीं चित्रें पुढेंही काढलीं. पण १८७४ सालीं एका प्रांताच्या विधिमंडळांतल्या त्याच लोकांची कुचेष्टा करावयास त्याला संकोच वाटला नाहीं. १८७२ च्या निवडणुकींत होरेस ग्रीली ह्या वयोवृद्ध संपादकाची त्यानें इतकी विटंबना केली कीं, आपण अध्यक्षपदासाठीं उभे आहोंत कीं तुरुंगासाठीं हेंच कळेनासें झालें, असे त्या गृहस्थाचे उद्गार सांगतात. त्याच सुमारास ग्रीलीची पत्नी वारली, निवडणूक तो हरला, आणि महिन्याच्या आंत स्वतःही गेला. व्यंगचित्र हा वकिलासारखा मनुष्य आहे. तो एकच बाजू मांडतो. न्याय देणें हें त्याचें काम नव्हे, तें पाहणाऱ्याचें काम आहे.

पुढें नास्टचा काळ पालटला. त्याच्यावर विश्वास टाकणारे जुने हार्पर १८७७ सालीं वारले. नव्या संपादकांस सौम्य चित्रें हवीं होतीं. फोटोच्या साहाय्यानें ठसे बनूं लागले आणि लांकडावरची ती भारदस्त रेघ मागें पडली. सांठविलेला पैसा एका पेढीच्या दिवाळ्यांत १८८४ सालीं बुडाला. १८८६ अखेर त्यानें हार्पर सोडलें. स्वतःचें साप्ताहिक काढून पाहिलें, तें थोड्याच दिवसांत बंद पडलें. १९०२ सालीं अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट ह्यांनीं त्याला दक्षिण अमेरिकेंतील एक्वेडोर देशांत, ग्वायाकिल येथें, कॉन्सलचें काम दिलें. तें बंदर पीतज्वरासाठीं कुप्रसिद्ध होतें. कर्ज फेडावयाचें होतें म्हणून एकसष्ट वर्षांचा नास्ट तेथें गेला. ७ डिसेंबर १९०२ रोजीं त्याच तापानें तो गेला. पांच लाख डॉलर नाकारणारा हा मनुष्य कांहीं हजार डॉलरांच्या देण्यापायीं परदेशीं मेला, ही गोष्ट मनाला चटका लावून जाते.

मग त्याच्या कार्याचा सारांश काय सांगावा? सार्वजनिक पैसा चोरणाऱ्याचें बळ तिजोरींत नसतें, अंधारांत असतें. लोकांना हिशेब कळत नाहीं ह्या भरंवशावर तो निश्चिंत असतो. नास्टनें तो भरंवसा मोडला. पण चित्र पाहून हंसल्यावर आपलें काम संपत नाहीं. ह्या चित्रामागें आंकडा आहे काय, आणि असल्यास तो खरा आहे काय, असें आपण विचारलें पाहिजे. नाहींतर आज चोराकडे वळलेलें बोट उद्यां निरपराध शेजाऱ्याकडे वळेल, आणि आपण तितक्याच खुशीनें हंसूं.

हिवरे बाजारच्या ग्रामसभेंत पाण्याचा जमाखर्च मांडला जातो तेव्हां तेथें व्यंगचित्रकाराची गरज पडत नाहीं. प्रत्येकाला विहीर ठाऊक असते, पाऊस ठाऊक असतो, आणि हात वर करण्याचा अधिकार असतो. शहरांतले आपण मात्र लाखोंच्या वस्तींत राहतों. आपल्या पाण्याचा, रस्त्यांचा, शाळांचा हिशेब कोठें लिहिला आहे हें आपल्यापैकीं कितीकांस सांगतां येईल? तो विचारणारा नागरिक जोंपर्यंत घरोघरीं निपजत नाहीं, तोंपर्यंत ट्वीडच्या वर्तुळांतील मंडळी एकमेकांकडे बोट दाखवीत उभीच राहणार, आणि एखाद्या नास्टची आपणांस वाट पाहावी लागणार.